कोल्हे मारून रेबीज थांबेल का? एका सरपंच ताईंच्या प्रश्नाला उत्तर

सरपंच ताई, नमस्कार.

आपण कळवलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. धानाची कापणी सुरू असताना एका पहाटे कोल्हा गावात शिरला. गोठ्यात शेण काढणाऱ्या एका बाईंच्या हाताला, आखराकडे, म्हणजे गुरे जमवण्याच्या जागेकडे, निघालेल्या गुराख्याच्या पोटरीला आणि शेकोटीजवळ बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांच्या गालाला तो चावला. एका गाभण गायीलाही त्याने चावा घेतला. शेवटी लोकांनी त्याला काठ्यांनी मारले आणि बोडीच्या (लहान तळ्याच्या) पाळीजवळ पुरले. या गोष्टीला पाच दिवस झाले आहेत. आता गावातील काही मंडळींचे म्हणणे आहे की धुऱ्याधुऱ्यावर, म्हणजे शेतांच्या बांधांवर, विष घातलेले मटण ठेवून शिवारातील सगळे कोल्हे संपवावेत. काहींना वाटते की वनविभागाने पिंजरे लावून ते दूरच्या जंगलात सोडावेत. ग्रामसभेने यांपैकी कोणता ठराव घ्यावा, असे आपण विचारले आहे.

ठरावाविषयी मी पुढे सविस्तर लिहितो, पण आधी त्या तीन माणसांबद्दल लिहिणे भाग आहे. कोल्ह्यांचा प्रश्न महिनाभर थांबू शकतो, त्यांचा थांबू शकत नाही. आपल्या पत्रात ‘तिघांनाही त्याच दिवशी इंजेक्शन दिले’ एवढेच आहे. ते कोणते होते, हे आज त्यांच्या घरी जाऊन चिठ्ठीवर पाहा. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि रेबीज लसीची पहिली मात्रा घेऊन रुग्ण घरी परततो आणि सगळे झाले असे समजतो, हे मी खेड्यांत वारंवार पाहत आलो आहे. आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार कोणत्याही वन्यप्राण्याचा चावा तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर वर्गात धरला जातो. या वर्गात लसीबरोबर रेबीजचे सीरम, म्हणजे विषाणूला निकामी करणारी तयार प्रतिपिंडे, जखमेत आणि जखमेभोवती टोचणे आवश्यक असते. लसीमुळे शरीराला स्वतःची प्रतिपिंडे तयार करायला एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्या काळात जखमेतील विषाणू मज्जातंतूत शिरू नये, म्हणून सीरम जागेवरच द्यावे लागते. चावा चेहऱ्यावर किंवा हातावर, विशेषतः बोटांवर, असेल तर हा धोका फार वाढतो, कारण तेथे मज्जातंतू दाट असतात आणि चेहऱ्यापासून मेंदूही जवळ असतो. आपल्या गावातील तीन रुग्णांपैकी दोघे याच गटात मोडतात.

सीरमने किती फरक पडतो, याचा दाखला इराणमध्ये १९५४ साली मिळाला. एका पिसाळलेल्या लांडग्याने एका गावात २९ जणांना चावे घेतले होते. डोक्याला गंभीर जखमा झालेल्यांपैकी लस आणि सीरम दोन्ही मिळालेले १३ जण होते, त्यांतील एक दगावला. ज्या पाच जणांना फक्त लस मिळाली, त्यांतील तिघे दगावले. आज आपण वापरतो त्या लसी त्या काळच्या लसींपेक्षा पुष्कळ चांगल्या आहेत, तरीही चेहऱ्याला वन्यप्राणी चावल्यावर सीरम टाळण्याचा विचारही करू नये.

लसीची पहिली मात्रा घेतल्यापासून सातव्या दिवसापर्यंत सीरम देता येते. आज पाचवा दिवस आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते नसेल तर वाट न पाहता रुग्णांना ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात न्यावे, आणि निघण्यापूर्वी तेथे साठा आहे का हे वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून फोनवर विचारून घ्यावे. सीरमऐवजी मोनोक्लोनल (प्रयोगशाळेत बनवलेल्या) प्रतिपिंडांचे इंजेक्शन उपलब्ध असेल तर तेही चालते. लसीच्या पुढील मात्रा चुकता कामा नयेत. त्वचेत देण्याच्या पद्धतीत त्या पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी येतात. स्नायूत देण्याच्या पद्धतीत चौदाव्या दिवसाची एक मात्रा वाढते. जखमेला टाके घालू नयेत, आणि चुना, मिरची, हळद, तेल यांपैकी काहीही लावू नये. कोणी लावले असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने जखम पंधरा मिनिटे धुवावी. पाच दिवसांनीही धुण्याला अर्थ आहे. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात या भीतीने कोणी मागे हटत असेल, तर ती जुनी लस आपल्या देशातून केव्हाच बंद झाली आहे, हे त्यांना आपण स्वतः सांगावे. सरपंचांनी सांगितल्याचा परिणाम होतो. गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांनाही हे उपचार पूर्णपणे दिले जातात.

दहा दिवस थांबून पाहू, ही सवलत फक्त कुत्र्या-मांजरांसाठी आहे. चावल्यानंतर दहा दिवस ते प्राणी धडधाकट राहिले तर चावताना त्यांच्या लाळेत विषाणू नव्हता, असे खात्रीने म्हणता येते. कोल्हा, लांडगा, मुंगूस, रानमांजर किंवा वानर यांच्याबाबत असा नियम लावता येत नाही. तेथे उपचार त्याच दिवशी सुरू करायचे आणि पूर्ण करायचे.

आता मारलेल्या कोल्ह्याविषयी. काठीने डोके ठेचून मारल्यास दोन नुकसाने होतात. मेंदूचे शिंतोडे मारणाऱ्याच्या डोळ्यांत, तोंडात किंवा हातावरच्या ओरखड्यांत जाऊ शकतात, आणि तपासणीसाठी जो भाग शाबूत लागतो तोच नष्ट होतो. रेबीजची खात्रीची तपासणी मेंदूच्या ऊतीवर होते. कवटी न फोडताही, मानेच्या मणक्यांशी कवटी जेथे जोडलेली असते त्या मोठ्या छिद्रातून एक पोकळ नळी आत सारून मेंदूच्या देठाचा व लहान मेंदूचा पुरेसा नमुना काढता येतो. हे काम प्रशिक्षित पशुवैद्यकाने दोन हातमोजे, गॉगल आणि मास्क घालूनच करायचे असते. नमुना बर्फात ठेवून प्रयोगशाळेला पाठवावा लागतो. आपला कोल्हा पाच दिवस जमिनीत आहे. थंडीचे दिवस असले तरी मेंदू आता कुजला असेल, आणि कुजलेल्या नमुन्यात विषाणू सापडला नाही तर त्याचा अर्थ ‘रेबीज नव्हता’ असा घेता येत नाही. म्हणून तो उकरण्याचा आग्रह मी धरणार नाही. ज्यांनी त्याला मारले, उचलले किंवा पुरले, त्यांच्या हातांवर जखमा होत्या का, अंगावर रक्त किंवा लाळ उडाली का, हे एकेकाला विचारून त्यांची यादी आरोग्य केंद्रात द्या. अशा वेळी चावलेल्या माणसांची नोंद होते आणि मारणारे सुटून जातात. त्या जागेवर कुत्री उकरत असतील तर वर दगड रचून ती जागा बंद करा.

आता ठरावाकडे वळतो. विष घालून कोल्हे संपवण्याचा विचार मनातून काढून टाका, असे मी आपल्याला कळकळीने सांगतो. कायद्याची बाजू स्पष्ट आहे. कोल्हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याचा समावेश पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत झाला आहे. विष घालणे हीसुद्धा कायद्याच्या व्याख्येत शिकारच आहे, आणि पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. असा ठराव घेणारी ग्रामसभा आपल्याच लोकांना त्या खटल्यात ढकलेल. पण समजा कायद्याची आडकाठी नसती, तरीही मी हाच सल्ला दिला असता, कारण या उपायाने रेबीज थांबत नाही, आणि हे जगाने मोठी किंमत देऊन तपासून पाहिले आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पूर्व युरोपातील लाल कोल्ह्यांमध्ये, ज्यांना आपण खोकडाचे मोठे भाऊबंद म्हणू शकू, रेबीजची साथ पसरली आणि वर्षाला साधारण २० ते ६० किलोमीटर या वेगाने पश्चिमेकडे सरकत राहिली. तेथील सरकारांनी बिळांत विषारी वायू सोडले, विष घातले, सापळे लावले, शिकाऱ्यांना बक्षिसे दिली. लाखो प्राणी मेले, साथ मात्र पुढेच सरकत राहिली. याची कारणे आपल्या कोल्ह्यालाही लागू पडतात. कोल्ह्याची जोडी स्वतःचा इलाखा राखून राहते आणि परक्या कोल्ह्याला आत येऊ देत नाही. ती जोडी मारली की इलाखा मोकळा होतो आणि आजूबाजूचे तरुण कोल्हे तेथे शिरतात. त्यांच्यात भांडणे होतात, चावाचावी होते आणि प्राण्यांची ये-जा वाढते. विषाणूला पसरायला नेमके हेच हवे असते. शिवाय संख्या घटल्यावर उरलेल्यांना अन्न भरपूर मिळते, अधिक पिल्ले जगतात आणि एक-दोन हंगामांत संख्या पूर्ववत होते. विष घातलेले मटण निरोगी, भुकेला कोल्हा खातो. पिसाळलेल्या कोल्ह्याचा घसा लुळा पडलेला असतो आणि त्याला खाण्याची शुद्धही नसते, त्यामुळे ज्याला मारायचे होते तोच वाचतो. या विषाने जागलीवरची (रात्री शेत राखणारी) कुत्री, मुंगसे, रानमांजरे, घुबडे आणि गिधाडे मरतात. शिवारातील उंदीर खाणारे प्राणी असे संपले की त्याचा फटका पुढच्या हंगामात धानाला आणि हरभऱ्याला बसतो.

पिंजरा लावून दूर सोडण्याचा पर्याय दयाळूपणाचा वाटतो, पण रोगाच्या दृष्टीने तो याहूनही घातक ठरू शकतो. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत आठवडे, कधी महिने जातात, आणि त्या काळात प्राणी पूर्ण निरोगी दिसतो. असा प्राणी पिंजऱ्यातून पन्नास किलोमीटरवर सोडला तर रोगही त्याच्याबरोबर तेथे पोहोचतो. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिकारीसाठी म्हणून फ्लोरिडाकडील रॅकून नावाचे वन्यप्राणी पकडून उत्तरेकडे पश्चिम व्हर्जिनियाच्या भागात सोडण्यात आले. त्यांच्याबरोबर गेलेल्या रेबीजने पुढे पूर्व किनाऱ्यावरील अनेक राज्ये व्यापली आणि तो अजूनही तेथे आहे.

आपल्या गावातील एका शिक्षकांनी विचारले आहे की जंगलात लसीचे आमिष टाकता येईल का. प्रश्न अतिशय योग्य आहे, कारण युरोपातील साथ अखेर त्याच मार्गाने आटोक्यात आली. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ऱ्होन नदीच्या खोऱ्यात कोंबडीच्या मुंडक्यांत लसीच्या पुड्या घालून त्या कोल्ह्यांच्या वाटेवर टाकल्या गेल्या आणि साथीची आगेकूच तेथे थांबली. पुढे माशांच्या भुकटीपासून बनवलेली आमिषे विमानांतून टाकली जाऊ लागली. दर चौरस किलोमीटरला सुमारे वीस-पंचवीस आमिषे, वर्षातून दोनदा, सलग कित्येक वर्षे असा तो क्रम होता. स्वित्झर्लंड १९९९ मध्ये आणि जर्मनी २००८ मध्ये रेबीजमुक्त जाहीर झाले. इस्राएलने आपल्याकडच्याच जातीच्या कोल्ह्यांसाठी ही पद्धत वापरली आहे. परंतु आपल्याकडे वन्यप्राण्यांसाठी अशी लस नियमित वापरात नाही, आणि ती मिळाली तरी झुडपी जंगलात टाकलेली आमिषे कोल्ह्याआधी रानडुकरे आणि गावकुत्री फस्त करतील. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा उघड्यावर पडलेल्या जिवंत विषाणूच्या लसीत किती दम उरेल, हाही प्रश्न आहेच. त्यापेक्षा मोठे कारण असे की युरोपात रोगाचा मूळ साठा कोल्ह्यांतच होता. आपल्याकडे तो कुत्र्यांत आहे.

माझ्या सगळ्या उत्तराचा आधार हाच मुद्दा आहे. जगात रेबीजने दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे मरतात असा अंदाज आहे. त्यांतील जवळजवळ सर्वांना, म्हणजे ९९ टक्क्यांपर्यंत, हा रोग कुत्र्यापासून होतो, आणि या मृत्यूंपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भारतात होतात. रानातला कोल्हा पिसाळतो तो बहुतेक वेळा पिसाळलेल्या कुत्र्याशी झटापट झाल्यामुळे. एका कोल्ह्याकडून त्याच्या जोडीदाराला, पिल्लांना किंवा शेजारच्या कोल्ह्याला रोग जातो, पण विरळ वस्तीमुळे ही साखळी बहुधा काही काळाने तुटते. कुत्र्यांमध्ये ती तुटत नाही. आफ्रिकेत सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाभोवतीच्या गावांत याचा बारकाईने अभ्यास झाला. तेथे रानकुत्र्यांसह अनेक जातींचे मांसभक्षक प्राणी रेबीजने मरत होते, परंतु रोग टिकवून धरणारा प्राणी गावकुत्राच निघाला. इथिओपियात तर जगात मोजक्याच उरलेल्या लांडग्यांचे कळप गुराख्यांच्या कुत्र्यांकडून आलेल्या रेबीजने उद्ध्वस्त झाले. काही प्रदेशांत कोल्हे स्वतःच्या बळावरही रोग काही वर्षे चालू ठेवू शकतात, हे मी नाकारत नाही. पण कुत्र्यांचे लसीकरण न करता कोल्ह्यांच्या मागे लागणे म्हणजे नळ चालू ठेवून ओटा पुसत बसणे आहे.

म्हणून ग्रामसभेचा ठराव कुत्र्यांच्या लसीकरणाचा असावा, ही माझी शिफारस आहे. गावातील एकूण कुत्र्यांपैकी किमान ७० टक्के कुत्र्यांना लस टोचली गेली आणि हे दरवर्षी होत राहिले, तर त्यांच्यातील रोगाची साखळी तुटते. गोव्याने हे करून दाखवले आहे. घरोघरी आणि रस्त्यारस्त्यावर जाऊन कुत्र्यांना लस देण्याचा कार्यक्रम तेथे काही वर्षे नेटाने चालला आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. ७० टक्क्यांच्या या हिशेबात ‘एकूण’ म्हणजे पाळीव आणि मोकाट दोन्ही. आपल्या खेड्यांत या दोहोंमधली रेघ पुसटच असते. दिवसा कोणाच्या तरी ओसरीवर भाकरी खाणारे कुत्रे रात्री गावभर फिरत असते.

या मोहिमा कोठे फसतात, ते सांगतो. शिबिर सकाळी दहाला ग्रामपंचायतीसमोर लागते. मुले साखळीला किंवा सुतळीला बांधून घरची कुत्री आणतात, पन्नासेक कुत्र्यांना लस दिली जाते, फोटो निघतो आणि मोहीम संपते. जी कुत्री वावरात राहतात, जागलीवर मालकाबरोबर मचाणाखाली झोपतात, गुराख्याबरोबर दिवसभर झुडपी जंगलात हिंडतात आणि मेंढपाळांच्या कळपामागे चालतात, ती त्या शिबिरात कधीच येत नाहीत. कोल्ह्याशी गाठ पडते ती नेमकी याच कुत्र्यांची. एखाद्या गावात ८० टक्के कुत्र्यांना लस दिली आणि उरलेली २० टक्के सगळी वावरातलीच राहिली, तर कागदावर आकडा चांगला दिसेल, पण जंगलाकडची बाजू उघडीच राहील. म्हणून आपल्या गावात पहिला दिवस गावठाणासाठी ठेवा आणि पुढच्या दोन संध्याकाळी चमूला पांदण रस्त्यांनी वावरांत पाठवा. जागलीला माणूस पोहोचलेला असतो, कुत्रेही त्याच्याजवळ असते आणि मालकाच्या हातून ते सहज धरता येते. मोकाट कुत्र्यांसाठी जाळे वापरणारे प्रशिक्षित पथक मागवावे. लस दिलेल्या प्रत्येक कुत्र्याच्या पाठीवर सहज न धुतल्या जाणाऱ्या रंगाचा पट्टा ओढावा. दुसऱ्या दिवशी पहाटे गावातून फेरी मारून रंग असलेली आणि नसलेली कुत्री मोजावीत, म्हणजे ७० टक्क्यांचा आकडा अंदाजाने लिहावा लागणार नाही.

तीन महिन्यांखालील पिल्लांना ‘लहान आहे’ म्हणून वगळण्याची जुनी सवय सोडावी. गावकुत्र्यांचे आयुष्य थोडे असते, वर्षभरात पुष्कळ कुत्री मरतात आणि नवी जन्मतात, त्यामुळे पिल्ले वगळली तर संरक्षण काही महिन्यांतच ७० टक्क्यांखाली घसरते. लस दोन ते आठ अंश तापमानातच राहिली पाहिजे. ती गोठता कामा नये आणि मोटारसायकलच्या डिक्कीत उन्हात तर मुळीच राहू नये. लस आणि लसटोचक यांसाठी पशुधन विकास अधिकाऱ्यांना ठरावाची प्रत देऊन तारीख मागून घ्या. नसबंदीचा कार्यक्रम प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे आणि तोही व्हायला हवा, परंतु नसबंदीची सोय होईपर्यंत लसीकरण थांबवून ठेवू नये. रेबीज लसीने थांबतो. कुत्री मारून तो थांबत नाही, आणि त्याची कारणे मी कोल्ह्यांबाबत वर लिहिली तीच आहेत.

कुत्री आणि कोल्हे एकमेकांना भेटतात कोठे, हेही पाहायला हवे. आपल्या भागातील बहुतेक गावांत मेलेली ढोरे टाकण्याची एक जागा ठरलेली असते. पूर्वी तेथे गिधाडे उतरत आणि काही तासांत सांगाडा उरत असे. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे १९९० च्या दशकापासून गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली. २००६ मध्ये पशुवापरासाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. गिधाडे गेल्यावर ते मांस कुत्र्यांच्या वाट्याला आले आणि कुत्री वाढली. एका अभ्यासाच्या अंदाजानुसार १९९२ ते २००६ या काळात देशात त्यामुळे रेबीजचे सुमारे ४८,००० जादा मृत्यू झाले. आजही अशा जागेवर रात्री उभे राहून पाहिले तर एकाच मढ्यावर एका बाजूने कुत्री आणि दुसऱ्या बाजूने कोल्हे ओढाताण करताना दिसतात. विषाणूला याहून सोयीची जागा कोठली? मेलेले जनावर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरणे, कोंबडी-मटणाच्या दुकानातील टाकाऊ भाग नाल्यात न फेकता झाकलेल्या खड्ड्यात टाकणे आणि कुक्कुटपालन करणाऱ्यांना मेलेल्या कोंबड्यांसाठी तसाच खड्डा सक्तीचा करणे, एवढे तरी ग्रामपंचायतीच्या हातात आहे.

उद्या पुन्हा असा कोल्हा दिसला तर काय करावे? प्रथम तो पिसाळलेला आहे का, याचा विचार करावा, कारण प्रत्येक दिसलेला कोल्हा रोगी नसतो. कोल्हा पहाटे-संध्याकाळी गावाच्या कडेने फिरतो, उकिरड्यावर येतो, बोरीखाली बोरे खातो आणि माणूस दिसला की वाट बदलतो. हे त्याचे नेहमीचे वागणे आहे. जो भरदिवसा पांदणीने सरळ माणसांच्या अंगावर चालून येतो, कुत्री भुंकली तरी बाजूला होत नाही, ज्याचा खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, मागचे पाय झुलतात आणि जो समोर आलेल्या काठीला, खांबाला किंवा झाडाच्या बुंध्याला चावा घेतो, तो रेबीजचा संशयित. रेबीजचा एक मुका प्रकारही असतो. त्यात प्राणी आक्रमक होत नाही, कोपऱ्यात सुस्त पडून राहतो आणि लोक दया येऊन त्याला पाणी पाजायला जातात. कुत्र्यांकडून कोल्ह्यांना होणाऱ्या डिस्टेंपर या दुसऱ्या रोगातही, तसेच कीटकनाशकाच्या विषबाधेतही, झटके आणि लुळेपणा दिसतो. फरक ओळखणे गावकऱ्यांचे काम नाही. अशा कोणत्याही प्राण्यापासून दूर राहावे.

मुलांना घरात घ्यावे, ढोरे दावणीला बांधून गोठ्याचे दार लावावे आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर व वनरक्षकांना फोन करावा. पथक येईपर्यंत काही जणांनी लांबून, मोटारसायकल किंवा ट्रॅक्टरवरून, प्राणी नजरेखाली ठेवावा, पण घेराव घालू नये, कारण घेरलेला प्राणी जो सापडेल त्याला चावतो. तो एखाद्या पडक्या घरात किंवा गोठ्यात शिरला तर बाहेरून दार लावून घेणे सर्वांत उत्तम. उपचारापलीकडे गेलेल्या रोगी प्राण्याला संपवण्याची परवानगी कायद्याच्या अकराव्या कलमाखाली मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, आणि अंगावर आलेल्या प्राण्यापासून स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना तो सद्भावनेने मारला गेला तर तो गुन्हा ठरत नाही. त्यामुळे त्या दिवशी ज्यांनी कोल्हा मारला त्यांनी लपवाछपवी करू नये. घडले तसे वनविभागाला कळवून पंचनामा करून घ्यावा. वन्यप्राण्याच्या हल्ल्यातील जखमींना राज्य शासनाकडून जे अर्थसाहाय्य मिळते, त्या यादीत कोल्ह्याचाही समावेश आहे, आणि त्यासाठी पंचनामा व रुग्णालयाची कागदपत्रे लागतात.

आता ती गाय. तिची जखमही साबणाने धुवावी, धुताना हातमोजे घालावेत, आणि पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ या क्रमांकावर फोन करून चाव्यानंतरची लस लगेच सुरू करून घ्यावी. जनावरांत ती साधारणपणे पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी देतात. पाच दिवस उशीर झाला आहे, तरीही ती द्यावी. गाभण असल्याने अडचण नाही. पुढचे निदान तीन महिने तिच्यावर लक्ष ठेवा. गाईला रेबीज झाला की ती कुत्र्यासारखी धावून जातेच असे नाही. ती चारा सोडते, तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात, आवाज घोगरा होतो आणि ती मान ताणून पुन्हा पुन्हा हंबरते, शेपटी वर करून कुंथते. ‘घशात काहीतरी अडकले आहे’ असे वाटून मालक कोपरापर्यंत हात तिच्या तोंडात घालतो, आणि दातांनी खरचटलेल्या त्या हाताला विषाणू सरळ भिडतो. कोल्हा चावलेल्या भागात लाळ गाळणाऱ्या कोणत्याही ढोराच्या तोंडात हात घालू नका, हे गुराख्यांना आणि गावात जनावरांना औषध देणाऱ्या सर्वांना बजावून सांगा. तिचे दूध या काळात कच्चे पिऊ नये आणि ती व्याल्यावर खरवसासाठी कच्चा चीक कोणाला वाटू नये. उकळलेल्या दुधात विषाणू टिकत नाही. लक्षणे दिसली तर मात्र ते दूध कोणत्याही रूपात वापरू नये.

जाळे धरणारे तरुण, पशुवैद्यकीय कर्मचारी आणि आपल्या बीटचे (वनक्षेत्राच्या भागाचे) वनरक्षक व वनमजूर यांना मोहिमेपूर्वीच प्रतिबंधक लस देण्याची विनंती तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना करा. तीन मात्रांचा तो क्रम असतो, पहिल्या दिवशी आणि त्यानंतर सातव्या आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. पुढे त्यांना चावा बसलाच तर दोनच मात्रा लागतात आणि सीरमची गरज राहत नाही. याचा अर्थ कुत्र्यांच्या मोहिमेची तारीख आजपासून किमान महिनाभर पुढची धरावी लागेल. तोवर धानाची मळणी आटोपलेली असेल आणि माणसे हाताशी असतील. मोहीम मोहफुले वेचण्याच्या दिवसांपूर्वी मात्र पूर्ण व्हायला हवी, कारण त्या दिवसांत बाया आणि मुले पहाटेच्या अंधारात झाडांखाली वाकून बसलेली असतात आणि कोल्हेही त्याच झाडांखाली येतात.

तीन रुग्णांची सीरमची नोंद आणि अठ्ठाविसाव्या दिवसाची तारीख आशा ताईंच्या वहीत आजच लिहून घ्या. मळणीच्या धांदलीत शेवटची मात्रा राहून जाते. वयस्कर गृहस्थांना रुग्णालयापर्यंत नेण्यासाठी गाडीची सोय नसेल तर ग्रामपंचायतीने ती करावी.